सल्लागार मंडळ ‘ठरवते’ की ‘सुचवते’?

सोलापुरात टॉवेलच्या व्यवसायात असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, पुरवठा साखळी आणि ई-कॉमर्स यांविषयीच्या मजकुरात ‘उद्योग सल्लागार मंडळाने निर्णय घेतला’, ‘सल्लागार परिषदेने आदेश दिला’ अशी वाक्ये आढळतात, ती योग्य आहेत का. आणि मंडळ, परिषद, समिती यांपैकी अधिक अधिकाराचा शब्द कोणता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नुसत्या नामावरून अधिकार ओळखता येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ सांडपाणी सोडणारा रंगाईचा कारखाना बंद करण्याचा आदेश देऊ शकते, तर केंद्र सरकारने 2020 मध्ये बरखास्त केलेले अखिल भारतीय हातमाग मंडळ केवळ सल्ला देण्यापुरते होते. विद्यापीठात अभ्यास मंडळ अभ्यासक्रम सुचवते आणि विद्या परिषद तो मंजूर करते. यावरून परिषद वरचढ वाटेल, पण पुढचे उदाहरण नेमके उलट आहे.

केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने जुलै 2021 मध्ये ओएनडीसी या खुल्या डिजिटल व्यापार जाळ्यासाठी नऊ सदस्यांची सल्लागार परिषद नेमली. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन नीलेकणी आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी आर. एस. शर्मा हे तिचे सदस्य होते. विक्रेता एका ॲपवर आणि ग्राहक दुसऱ्याच ॲपवर असला तरी व्यवहार व्हावा, अशी या जाळ्याची कल्पना. ते कसे उभारावे आणि त्याचा स्वीकार कसा वाढवावा हे सुचवणे परिषदेचे काम होते. प्रत्यक्ष उभारणीसाठी डिसेंबर 2021 मध्ये वेगळी कंपनी स्थापन झाली. म्हणून ‘परिषदेने ओएनडीसी सुरू केले’ हे वाक्य चूक, आणि ‘परिषदेच्या सल्ल्याने’ हे बरोबर.

याउलट ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 पाहा. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी, असे ते सांगतात. तेथे ‘बंधनकारक’ हाच शब्द हवा. ‘मार्गदर्शन’ म्हटले तर विक्रेत्याची फसगत होईल.

मात्र ‘केवळ सल्ला’ म्हणून मंडळाला कमी लेखणेही मला पटत नाही. सुतापासून सायझिंग (सुताला खळ देणे), माग, रंगाई, शिलाई आणि पॅकिंगपर्यंत टॉवेल अनेकांच्या हातून जातो, आणि माल नेमका कुठे अडकतो हे धोरणाचा मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा कारखानदाराला आणि वाहतूकदाराला अधिक ठाऊक असते. ती माहिती मसुद्यात उतरावी यासाठीच उद्योगातील माणसे अशा मंडळांवर घेतात. (सगळे सदस्य मोठ्याच कंपन्यांचे असले, तर छोट्या यंत्रमागधारकाची अडचण तेथे कोण मांडणार, हा प्रश्न व्याकरणाबाहेरचा असला तरी खरा आहे.)

तेव्हा नामावर न थांबता क्रियापद तपासावे. सल्लागार मंडळ सुचवते, शिफारस करते, मत देते, इशाराही देते. मंजूर करते, आदेश देते, दंड करते ही क्रियापदे त्याला लावू नयेत. ‘ठरवते’ मात्र संदर्भाने चालेल, कारण आपल्या अहवालात काय लिहायचे हे मंडळच ठरवते. आपल्या पत्रात ‘शिफारसीनुसार’ असे रूप आले आहे. ‘शिफारस’चे सामान्यरूप ‘शिफारशी’ होत असल्याने ‘शिफारशीनुसार’ लिहावे.