पिऊन गाडी चालवायला निघालेल्या ग्राहकाला थांबवणं ही बारवाल्याची जबाबदारी आहे का?

आहे. मी ठाण्यात एका परमिट रूममध्ये कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख आहे. 'आम्ही फक्त ऑर्डर घेतो' असं आमच्या धंद्यात सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ चालवणाऱ्याला धरतं: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम १८८ आहे. या गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा. नुसता पेग भरला म्हणून कुणी त्यात अडकत नाही, पण झोकांड्या खाणाऱ्याच्या हातात किल्ली ठेवणाऱ्याने ते वाचून ठेवावं.

खरी अडचण वेळेची आहे. बिल टेबलावर येईपर्यंत उशीर झालेला असतो. चार लार्ज झालेला माणूस 'रोजचा रस्ता आहे रे' म्हणणारच, आणि त्याच्या टिपवर घर चालवणारा वेटर रोजच्या गिऱ्हाइकाशी किती वाद घालणार? म्हणून विचारायचं ते पहिल्या ऑर्डरलाच: 'साहेब, गाडी आणलीय का?' तेव्हा माणूस शुद्धीत असतो, सरळ उत्तर देतो, किल्ली काउंटरला ठेवायलाही तयार होतो.

जपानमध्ये हे कायद्यानेच करायला लावलं. २००६ साली फुकुओकात प्यालेल्या चालकाने मागून ठोकलेली गाडी पुलावरून समुद्रात पडली आणि तीन लहान भावंडं गेली. पुढच्याच वर्षी, गाडी चालवणार असलेल्याला दारू देणाराही शिक्षेला पात्र ठरला. चालक पुरता नशेत असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडेही असं व्हायला हवं, फक्त बोजा वेटरवर नको, मालकावर हवा.

आणि मालकाने एक गोष्ट कायद्याविनाही करावी: गाडी रात्रभर आवारात ठेवू द्यावी. कितीतरी जण निव्वळ बाइक चोरीला जाईल किंवा टो होईल या भीतीने चालवत निघतात. 'राहू द्या इथेच, वॉचमन आहे, सकाळी न्या' एवढं ऐकलं की बरेच जण मुकाट्याने रिक्षात बसतात.

तरीही कुणी हट्टाने निघालाच, तर मी गाडीचा नंबर आणि दिशा ११२ ला कळवतो. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं.