अमेरिकेत लिव्हरची वेटिंग लिस्ट : राज्य बदलून फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की भाऊ कॅलिफोर्नियात लिव्हरच्या लिस्टवर आहे, मेल्ड स्कोअर 28 आहे, आणि त्याच्या ओळखीच्या एकाला दुसऱ्या राज्यात 24 वरच लिव्हर मिळालं. असं कसं, आणि त्यानेही तिकडे नाव लावावं का?

मी अमेरिकेतल्या एका ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये कोऑर्डिनेटर आहे. हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि त्यामागची घालमेल मी रोज बघते. जागेने फरक पडतो. पूर्वी फारच पडायचा, आता कमी झालाय.

मेल्ड म्हणजे रक्ताच्या रिपोर्टवरून निघणारा 6 ते 40 मधला आकडा, जितका मोठा तितका आजार गंभीर. जास्त आजारी तो आधी, हे तत्त्व 2002 पासून आहे. पण देशाचे 11 विभाग आणि त्यात 58 छोटी क्षेत्रं होती, आणि लिव्हर ज्या क्षेत्रात मिळालं तिथल्याच पेशंटना बहुतेक वेळा आधी विचारलं जायचं. सीमेच्या अलीकडे विशीतल्या स्कोअरला नंबर लागायचा, पलीकडे 35 च्या आसपास स्कोअर असलेला माणूस आयसीयूत थांबलेला असायचा. ॲपल कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स कॅलिफोर्नियाचे, पण 2009 मध्ये त्यांचं ट्रान्सप्लांट टेनेसीतल्या मेम्फिसला झालं. दुसऱ्या राज्यात नाव लावणं नियमात बसत होतं. पण इतक्या लांब नाव लावून फोन येताच वेळेत पोचणं किती जणांना परवडतं?

जून 2013 पासून 35 आणि त्यावरच्या पेशंटना संपूर्ण विभागात प्राधान्य मिळालं. त्याने अतिगंभीर पेशंट वाचले, पण विभागांच्या रेषा तशाच राहिल्या. मग कोर्टकज्जे झाले, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये त्या रेषाच काढून टाकल्या.

आता डोनर ज्या हॉस्पिटलमध्ये आहे तिथून 150, 250 आणि 500 नॉटिकल मैलांची वर्तुळं धरतात, म्हणजे साधारण 280, 460 आणि 925 किलोमीटर. लिव्हर अचानक निकामी झालेले पेशंट सगळ्यात आधी. मग 37 आणि त्यावरचे, तिन्ही वर्तुळांत क्रमाने. त्यानंतर 33 ते 36, मग 29 ते 32, आणि शेवटी 15 ते 28. तुमचा भाऊ या शेवटच्या गटाच्या अगदी काठावर आहे. 28 चा 29 झाला की 925 किलोमीटरमधल्या सगळ्या 28 वाल्यांच्या आधी त्याचा विचार होतो. एका गुणाचं इतकं वजन मला आजही खटकतं, तरी जुन्या रेषांपेक्षा ही पद्धत न्याय्य आहे असंच माझं मत आहे.

याला अपवाद आहे. डोनर सत्तरीचा किंवा त्याहून मोठा असेल, किंवा हृदय बंद पडल्यावर दान झालं असेल, तर ते लिव्हर लांबचा प्रवास नीट सोसत नाही. म्हणून त्यासाठी आधी जवळच्या वर्तुळातल्या 15 आणि त्यावरच्या सगळ्यांना विचारतात. 24 वर मिळालेलं लिव्हर अशांपैकी असू शकतं. काही सेंटर अशी लिव्हर घेतात, काही नाकारतात. म्हणून भावाच्या टीमला दोन गोष्टी थेट विचारा : तुमच्याकडे साधारण किती स्कोअरला ट्रान्सप्लांट होतं, आणि तुम्ही किती ऑफर नाकारता?

अंतर मोजतात ते डोनरच्या हॉस्पिटलपासून ट्रान्सप्लांटच्या हॉस्पिटलपर्यंत. भावाचं घर कुठे आहे याचा त्यात संबंध नाही. दोन सेंटरमध्ये नाव लावायला परवानगी आहे, पण दुसरीकडे सगळ्या तपासण्या पुन्हा होतात, इन्शुरन्सची मंजुरी लागते आणि रात्री दोनला फोन आला तरी काही तासांत तिथे पोचावं लागतं. हे जमणार नसेल तर संसार उचलून दुसऱ्या राज्यात जा, असं मी कुणालाच सांगत नाही.

आणखी एक. जिवंत डोनरच्या लिव्हरच्या भागाला ही रांग लागतच नाही. तुम्ही सख्खं भावंड आहात, तुमचा रक्तगट जुळतो का हे टीमला विचारून ठेवा. दान द्यायलाच हवं असं नाही, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू देऊ नका. 25 किंवा त्यावर स्कोअर असेल तर दर सात दिवसांनी नवे रिपोर्ट लागतात. उशीर झाला तर स्कोअर आपोआप खाली जातो, तब्येत तितकीच खराब असली तरी. त्याचा पुढचा रिपोर्ट कुठल्या तारखेला आहे, हे आजच विचारून घ्या.