मुलीला पाळी लवकर आली, ती माझ्या डब्यामुळे का?

मुलीला दहाव्या वर्षी पाळी आली आणि त्याला घरातले प्लॅस्टिकच कारणीभूत आहे, अशा समजुतीने खचलेल्या आया समुपदेशनासाठी वरचेवर येतात. त्यांपैकी एकीची हकिगत, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे मांडते.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या या बाईंनी, प्लॅस्टिकमधली रसायने शरीरातल्या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करतात असे सांगणारा, मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ पाहून घरातले सगळे डबे, बरण्या, एवढेच नव्हे तर पिण्याच्या पाण्याचा ड्रमही भंगारात दिला होता. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात याचा अर्थ काय होतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. “मॅडम, रोज सकाळी गरम भाजी मीच भरून दिली हो तिला,” एवढे बोलून त्या रडू लागल्या. मुलीशी स्वतंत्रपणे बोलले, तेव्हा तिने हळूच विचारले, “माझ्या पोटात विष गेलंय का?” आईच्या अपराधी भावनेपेक्षा मला या प्रश्नाची काळजी अधिक वाटली.

व्हिडिओतली मूळ गोष्ट खोटी नव्हती. संप्रेरके रक्तात अत्यल्प प्रमाणात असतात आणि पेशींवरील किंवा पेशींच्या आतील ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक ओळखणारी प्रथिने) चिकटून आपले काम करतात. पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए हे रसायन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या ग्राहकाला, जरी क्षीणपणे, चिकटते, म्हणजे दुसऱ्याच्या कुलपात अर्धवट फिरणाऱ्या किल्लीसारखे वागते. तर प्लॅस्टिक मऊ करणारी काही थॅलेट्स टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या निर्मितीत अडथळा आणतात. गर्भावस्था, शैशव आणि वयात येण्याचा काळ या टप्प्यांवर असा हस्तक्षेप अधिक महत्त्वाचा ठरतो. गर्भवतींना दिल्या गेलेल्या डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनमुळे त्यांच्या मुलींना तरुणपणी योनीचा एक दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो, हे 1971 मध्ये उघड झाले, तेव्हापासून हा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही.

मात्र एका मुलीची पाळी एका डब्यामुळे आली, असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. वयात येण्यावर आनुवंशिकतेचा आणि वजनाचा मोठा प्रभाव असतो. या बाईंना स्वतःलाही अकराव्या वर्षीच पाळी आली होती, ही गोष्ट त्यांना मी विचारल्यावरच आठवली. शिवाय बिस्फेनॉल-ए शरीरात साठून राहत नाही. त्याचा बहुतांश भाग साधारण दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. हे मी मुलीला आईसमोरच सांगितले आणि पोटात विष साठलेले नाही, हे तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. बालरोगतज्ज्ञांनी तपासून उपचारांची गरज नसल्याचे सांगितल्यावर दोघींचाही जीव भांड्यात पडला.

घरासाठी आम्ही मोजकेच ठरवले. उष्णता आणि तेल यांमुळे ही रसायने अन्नात अधिक उतरतात, म्हणून गरम भाजी व आमटी स्टीलच्या डब्यात, शेंगाचटणी काचेच्या बरणीत, आणि खानावळीतून पिशवीत गरम आमटी आणणे बंद. थंड पाण्याचा ड्रम, तोही खाद्यवापरासाठीचा असेल तर, पुन्हा घ्यायला हरकत नव्हती. सगळे प्लॅस्टिक फेकण्याचा सल्ला मी कोणालाच देत नाही, कारण तो पाळता येत नाही आणि न पाळल्याची बोचणी मात्र उरते.

पुढच्या भेटीला मुलीचे वडील आले. ते टॉवेलच्या कापडाला रंग देणाऱ्या कारखान्यात कामाला होते. कापड धुण्याच्या काही द्रावणांतून तयार होणारे नॉनिलफिनॉलही इस्ट्रोजेनसारखे वागते, म्हणून हातमोजे वापरावेत आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत, असे त्यांना सुचवले. धाकट्या मुलाविषयी विचारल्यावर मी त्यांना वयाची मर्यादा लिहून दिली: मुलीत आठव्या किंवा मुलात नवव्या वर्षाआधी वयात येण्याची लक्षणे दिसली, तर घरातल्या डब्यांचा शोध घेत न बसता थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावे.