लोअर आर्मचे बुश खरोखरच बदलायला झाले आहेत का?

लोअर आर्म म्हणजे गाडीचे पुढचे चाक सांगाड्याला खालून जोडणारा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातले रबरी अस्तर. पुढून खडखड ऐकू आली म्हणजे बुशच गेले, असे गृहीत धरून लगेच खर्चात पडू नका. तसा आवाज स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचे झुकणे आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडचाही असतो. झिजलेल्या बुशची लक्षणे सहसा वेगळी असतात: स्पीडब्रेकरवरून सावकाश उतरताना बोजड ‘धप्प’ असा आवाज येतो आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढू लागते, कारण ब्रेकचा जोर पेलणारा आर्म जागेवरून सरकतो.

खात्री मात्र डोळ्यांनीच करावी. गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही शिरू नका), टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म हलकेच रेटा आणि त्याच्या मागच्या बुशवर टॉर्च धरून पाहा. रबराच्या पृष्ठभागावरील केसासारख्या भेगा चालतात. पण रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटून मध्ये फट उघडत असेल, तर दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदला.

बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकांवर गाडीचा भार आल्यावरच. चाके लोंबकळत असताना आवळले, तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुशही लवकर फाटतात. म्हणून त्या वेळी मी गॅरेजमध्ये स्वतः उभा राहतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.