उंटाच्या अँटीबॉडीत एवढं काय आहे?

प्रश्न: मी बीएस्सीला आहे. उंट, लामा, अल्पाका यांच्या रक्तातून छोट्या अँटीबॉडी काढून औषधं बनवतात असं सरांनी सांगितलं. त्यासाठी प्राण्याला मारतात का? आणि साईज लहान म्हटल्यावर पकडही कमी नाही का होणार?

उत्तर: नाही हो, मारत बिरत नाहीत. काही आठवडे ठरावीक अंतराने हव्या त्या प्रोटीनची इंजेक्शनं देतात, मग थोडं रक्त घेतात आणि प्राणी परत कळपात. रक्तातल्या बी पेशींच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) आरएनएवरून अँटीबॉडीच्या टोकाचा, म्हणजे पकडणाऱ्या भागाचा, जीन काढून तो फाज नावाच्या व्हायरसमध्ये घालतात, म्हणजे प्रत्येक फाज अंगावर एकेक टोक मिरवतो. आता प्रोटीन चिकटवलेल्या प्लेटवर हे कोट्यवधी फाज ओतायचे, धुवायचं, जे टिकले ते वाढवून परत ओतायचे, असे दोन-तीन राऊंड. खरी कसोटी इथेच, कारण ब्लॉकिंग (प्लेटची मोकळी जागा आधीच झाकून टाकणं) आणि धुणं नीट झालं नाही तर प्रोटीनला नाही, नुसत्या प्लास्टिकला चिकटणारे फाजच हाती लागतात आणि सगळी मेहनत पाण्यात. चांगलं टोक मिळालं की पुढे ते ई. कोलाय बॅक्टेरियातच बनवता येतं, प्राणी लागत नाही.

आता साईज. नेहमीची अँटीबॉडी साधारण 150 किलोडाल्टनची (प्रोटीनचं वजन मोजायचं एकक), दोन हेवी आणि दोन लाइट चेनची, म्हणजे प्रोटीनच्या दोन मोठ्या आणि दोन छोट्या साखळ्यांची. उंटाच्या कुळात त्याशिवाय नुसत्या हेवी चेनच्याही असतात, हे ब्रुसेल्सच्या रेमंड हॅमर्स यांच्या टीमने 1993 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं. त्यांचं टोक एकटंच जेमतेम 15 किलोडाल्टनचं, तीच नॅनोबॉडी. पकड अजिबात कमी नाही, उलट तिचा एक लूप बऱ्याचदा इतका लांब असतो की एन्झाइमच्या ज्या खाचेत मोठी अँटीबॉडी पोचतच नाही तिथे तो शिरतो.

अडचण वेगळीच आहे. एवढं छोटं प्रोटीन किडनी भराभर गाळून टाकते, म्हणून औषध करताना अल्ब्युमिन या रक्तातल्या मोठ्या प्रोटीनला धरणारी आणखी एक नॅनोबॉडी जोडतात, जपानमध्ये 2022 मध्ये मंजूर झालेलं संधिवाताचं ओझोरालिझुमॅब असंच आहे. पहिलं औषध मात्र कॅप्लासिझुमॅब, युरोपात 2018 मध्ये आलं, टीटीपी या रक्ताच्या आजारात बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेटच्या गुठळ्या होतात त्या ते रोखतं.

पण माझ्या मते रिसर्चमधला उपयोग याहून मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अॅड्रेनालिनचा रिसेप्टर (पेशीवरचं, त्याचा संदेश घेणारं प्रोटीन) चालू अवस्थेत एका जागी टिकतच नव्हता, नॅनोबॉडीने तो धरून ठेवला म्हणून 2011 मध्ये त्याची रचना दिसली, आणि त्या कामातल्या ब्रायन कोबिल्कांना रिसेप्टरवरच्या संशोधनासाठी पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं.