घरी कलर फिल्म डेव्हलप करताना ३८ डिग्री कसं टिकवायचं?

मडगावच्या फ्लॅटमध्ये मशीन न घेता सी-४१ (कलर निगेटिव्ह फिल्म डेव्हलप करायची नेहमीची पद्धत) जमेल का, असं विचारलंय तुम्ही. जमतं हो, आणि गोव्यात तर बरंच सोपं, कारण नळाचं पाणीच इथे कधी गार नसतं, ३७.८ सेल्सिअसपर्यंत (म्हणजे जवळपास ३८) न्यायला गिझरचं थोडंच पाणी पुरतं.

खरी काळजी डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या पहिल्या केमिकलची. त्याचं काम फक्त ३ मिनिटं १५ सेकंद, पण तेवढ्यात अर्धा डिग्री जरी सरकलं तरी कलर बिघडायला लागतात. त्यानंतरचं ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं केमिकल) दोन डिग्री इकडेतिकडे चालतं, फक्त वेळ पूर्ण द्या.

बालदी मोठीच घ्या, पाणी जास्त असलं की हळू निवतं, ३९ च्या आसपास करा, बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा आणि थर्मामीटर बाटलीच्या आत घालून बघा, बालदीतलं रीडिंग वेगळं असतं. फिल्म भरलेली टँक (डेव्हलप करायचा बंद डबा) पण त्यातच ठेवा आणि आधी ३८ च्या पाण्याने मिनिटभर प्री-सोक द्या, म्हणजे फिल्म भिजवून टँक गरम करा, नाहीतर गार टँकमध्ये ओतल्या ओतल्या डेव्हलपरचं तापमान उतरतं. हलवून झालं की टँक परत बालदीत. पंखा बंद.

आणि थर्मामीटर आधी तपासा प्लीज! फार्मसीतला तापाचा डिजिटल थर्मामीटर याच रेंजमध्ये अचूक असतो, दोन्ही एकाच कोमट पाण्यात धरा आणि फरक बाटलीवर लिहून ठेवा. केमिकलमध्ये मात्र तापाचा थर्मामीटर घालू नका.

सू-वीद स्टिक (पाणी ठरावीक तापमानाला धरून ठेवणारा विजेचा हीटर) परवडत असेल तर जरूर घ्या, पण पावसात लाइट गेली तरी मोठी बालदी डेव्हलपरपुरती आरामात टिकते.