वाचकांचे प्रश्न : एरिक सुटायच्या आधी

प्रश्न : मी मूळची कराडची. गेली 19 वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. वय 48. लेक 13 वर्षांची आहे, तिला विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्यावर जायचा खेळ, शिकायचंय. ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर वासिलिकी नावाचं गाव आहे, तिथल्या एका क्लबची आठवड्याची सहल बघून ठेवली आहे. जाहिरातीत लिहिलंय, ‘नवशिक्यांसाठी उत्तम’. ओळखीचे एक गृहस्थ मात्र म्हणाले, की तिथला वारा फार जोराचा असतो. खरं काय? यांना पोहता येत नाही. आम्ही शाकाहारी आहोत. माझी कंबर अधूनमधून धरते. मी आपली किनाऱ्यावर सामान सांभाळत बसेन, माझं काही नाही. – एक वाचक, रेडिंग

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. ती ओळ मला माझीच वाटली.

मी मालवणची. घरासमोर समुद्र, पण शिडाला पहिल्यांदा हात लावला तो 41 व्या वर्षी, आणि तोही वासिलिकीतच. मुलाला शिकवायला नेलं होतं. दोन दिवस त्याचा टॉवेल घेऊन काठावर उभी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी शिकवणाऱ्या मुलीनं काही न बोलता माझ्या हातात लाइफजॅकेट दिलं. तुम्ही कृष्णेत पोहायला शिकला असाल, तर तुमची सुरुवात माझ्यापेक्षा चांगलीच होईल. तेव्हा नाव दोघींचं घाला. सामान क्लबच्या शेडमध्ये राहतं.

आता वाऱ्याबद्दल. जाहिरात खरी आहे आणि तुमचे ते गृहस्थही खरंच सांगतायत. दोघं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांबद्दल बोलतायत, इतकंच. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे डोळ्यांना दिसतात. वासिलिकीची खाडी दक्षिणेकडे तोंड करून आहे. सकाळी जमीन तापू लागली की समुद्रावरून हलकी झुळूक किनाऱ्याकडे येते. पाणी जवळजवळ सपाट असतं. तोल गेला, पडलात, तरी वारा तुम्हाला काठाकडेच आणून सोडतो. नवशिक्याला याहून जास्त काही लागत नाही.

दुपारी दोन-तीनच्या सुमाराला सगळं बदलतं. आयोनियन समुद्रावरचा वायव्येचा वारा खाडीच्या पश्चिमेकडच्या डोंगरावर चढतो आणि उतारावरून खाली कोसळतो. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलात तर तो उजवीकडून येतो आणि किनाऱ्याला समांतर वाहतो. त्याला तिथे सगळे ‘एरिक’ म्हणतात. “एरिक आला का?” असं एकमेकांना विचारतात, जसं आपण पाहुण्यांबद्दल विचारू. जुलै-ऑगस्टमध्ये तो बहुतेक रोज येतो. जाणती मंडळी त्याच्यासाठीच इतक्या लांब येतात, त्यांच्या फळ्या पाण्याला जेमतेम टेकत धावतात. बघायला फार सुंदर. पण पहिल्या आठवड्यात तुम्ही आणि लेकीनं ते काठावरूनच बघायचं.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण माझ्या बाबतीत उलट घडलं. चौथ्या दिवशी सकाळी मला सरळ जाता आलं, वळता आलं, आणि दुपारी मी कुणाला न विचारता फळी घेऊन निघाले. नवशिक्याला वाऱ्याच्या बाजूला परत चढून येता येत नाही, तो खाली खाली वाहत जातो. मी खाडीच्या डाव्या अंगाला, गावाच्याही पलीकडे गेले. दर वेळी शीड उचलायची आणि दर वेळी वारा ते हातातून हिसकायचा. शेवटी हात उचलेनात. मग सकाळी शिकवलेलं आठवलं : शीड पाण्यात सोडून दे, फळीवर बस, दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली कर. बचावाची बोट आली. मुलगा काठावर उभा होता. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून क्लब निवडताना खोलीतून समुद्र दिसतो का, हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, की बचावाच्या बोटी किती, एरिक वाहत असताना त्या पाण्यावर असतात की धक्क्याला बांधलेल्या. एका शिक्षकाकडे किती जण. नवशिक्यांचे धडे सकाळीच असतात ना. मुलांच्या मापाची हलकी शिडं आहेत का. तुमच्या लेकीला तीन चौरस मीटरच्या आसपासचं शीड पुरेल, आणि तुम्हा दोघींना सुरुवातीला 200 लिटरच्या घरातली (फळीचं आकारमान लिटरमध्ये सांगतात) रुंद फळी हवी, जिच्यावर उभं राहिल्यावर घरच्या ओट्याशी उभं असल्यासारखं वाटेल. पैसे तुम्ही या गोष्टींचे देताय, उन्हाचे नव्हे. या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर तो क्लब सोडा. लेकीला पक्कं शिकवून ठेवा : काहीही झालं तरी फळी सोडून पोहत निघायचं नाही. फळी तरंगते, आणि बोटीतल्या माणसाला पाण्यातलं डोकं दिसत नाही, फळी दिसते.

तुमच्या कंबरेचं. निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा, हे तर आहेच. पण कंबर दुखते ती बहुधा शीड उचलताना, आणि ती चुकीच्या उचलण्यानं. वाऱ्याकडे पाठ, डोलकाठीच्या बुडाच्या दोन बाजूंना पाय, गुडघे वाकलेले, पाठ ताठ. दोरी धरून मागे रेलायचं आणि थांबायचं. शिडावर पाणी साचलेलं असतं, सगळं वजन त्या पाण्याचं. ते निथळू द्या, शीड आपसूक हलकं होतं, मग हातावर हात टाकत दोरी ओढा. विहिरीतून पोहरा ओढणाऱ्या बायका असंच करायच्या, झटका देत नसत. घाई करणारे धडधाकट तरुण दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसलेले मी पाहिलेत. एक दिवस विश्रांतीचा ठेवा, तिसरा किंवा चौथा.

कधी जायचं हे शाळा ठरवणार. मे अखेरच्या सुट्टीत वारा सौम्य आणि गर्दी कमी, पण पाणी गार असतं, वेटसूट, म्हणजे पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा घट्ट पोशाख, लागतो. ऑगस्टमध्ये पाणी कोमट आणि एरिक जोरात. नुसतं शिकण्यासाठी मी मे निवडेन.

किनारा गोट्यांचा आहे, रेतीचा नाही. पाण्यात चालतील असे बूट तिघांनाही घ्या. उन्हासाठी लायक्रा कापडाचा लांब बाह्यांचा सदरा घ्या, नुसत्या क्रीमवर विसंबू नका. तळहाताला फोड येतात, चिकटपट्टी भरपूर ठेवा.

यांच्यासाठी. पोहता न येणाऱ्या माणसानं फळीच्या नादाला लागू नये, पण त्यांना कंटाळा येणार नाही. वासिलिकीच्या धक्क्यावरून उन्हाळ्यात शेजारच्या केफालोनिया बेटावर फिस्कार्डोला बोट जाते. लेफ्काडाच्याच टोकाला दीपगृह आहे. तिथल्या पांढऱ्या कड्यावरून कवयित्री साफोनं उडी घेतली, अशी जुनी दंतकथा सांगतात. आणि लेफ्काडाला पोचायला बोट लागतच नाही. प्रेवेझाच्या विमानतळावर उतरायचं, मग गाडीनं तास-सव्वा तास. मधे एक तरंगता पूल लागतो, तो वळून होड्यांना वाट करून देतो. त्या वेळी गाडीतून उतरून बघा.

जेवणाची काळजी तर अजिबात नको. ग्रीक लोकांच्या धर्मात उपासाचे दिवस इतके, की बिनमांसाचं जेवण त्यांना नवं नाही. ‘निस्तीसिमो’ हा शब्द पाठ करून जा, म्हणजे उपासाला चालणारं. मात्र त्यांच्या उपासाला कालवं, कोळंबी चालते, तेवढं विचारून घ्या. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, म्हणजे ‘येमिस्ता’, घेवड्याच्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांचे ‘यिगांतेस’, आणि उकडलेली रानभाजी ‘होर्ता’, वर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. पण तुम्ही कराडच्या, म्हणून मुद्दाम सांगते. बेटाच्या मधल्या डोंगरात एंग्लुवी नावाचं गाव आहे, तिथला बारीक मसूर सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेला. किलोभर घेऊन या. त्याचा अख्खा मसूर मी दर हिवाळ्यात करते. आपल्या मसुरापेक्षा शिजायला जरा चिवट, पण चव सोडत नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसाची वेळ लवकर घ्या. विम्याच्या कागदात विंडसर्फिंग हा शब्द आहे का, ते स्वतः वाचा.

लेकीला एक सांगा. 2004 साली अथेन्स ऑलिंपिकची ज्योत ज्यानं पेटवली, तो निकोलाओस काक्लामानाकिस याच खेळातला. 1996 ला अटलांटात सुवर्ण, आणि अथेन्सला ज्योत पेटवून मग घरच्या पाण्यात रौप्य. मुलींसाठी हा खेळ ऑलिंपिकमध्ये 1992 पासून आहे.

प्रश्न : माझा मुलगा 16 वर्षांचा आहे. परदेशी सहल आम्हाला परवडणारी नाही. समुद्र जवळ नसताना विंडसर्फिंग शिकता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल. शिकायला समुद्र लागतोच असं नाही, सपाट पाणी आणि हलका वारा लागतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत 2023 साली भारताच्या इबाद अलीनं विंडसर्फिंगमध्ये कांस्य मिळवलं. तो तयार झाला भोपाळला, तलावाच्या गावी. तुम्ही चौकशी पणजीच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेपासून सुरू करा. ती केंद्र सरकारची आहे. पावसाळ्यात गोव्याच्या समुद्राकडे बघूही नका, दिवाळीनंतरचं ठरवा. तोवर मुलाला न थांबता 200 मीटर पोहता येऊ द्या, कपड्यांसकट. कुठे गेला तरी पहिल्या दिवशी त्याला आधी पोहूनच दाखवायला सांगतील.